मागच्या माणसाचा चिमटा

डोंगराच्या अंगाखांद्यावर वसलेल्या एका शहरात पाणीखात्याचे मीटर वाचणारी एक बाई राहते. तिला पळताना पाहिलंत तर तुम्हाला हसू आवरणार नाही. बुटका बांधा, वय बावन्न, डावा गुडघा कुरकुरणारा, खांद्याला कापडी पिशवी, आणि वेग असा की भाजी आणायला निघालेला माणूसही तिला सहज मागे टाकेल. तरी दर रविवारी सकाळी चाळीसेक माणसं तिच्या भरवशावर डोंगरात पळायला जातात, आणि मला विचाराल तर अख्ख्या शहरात तिच्या तोडीची धावपटू दुसरी नाही. का, ते सांगतो.

गल्लीत तिला मीटरबाई म्हणतात. ते शहर म्हणजे नुसत्या पायऱ्या. रस्ते मोजके, बाकी सगळ्या गल्ल्या जिन्यासारख्या वर चढत गेलेल्या. लोक मीटर कुठे कुठे दडवून ठेवतात याला सुमार नाही. जिन्याखाली, लाकडांच्या ढिगामागे, एकाने तर चक्क न्हाणीघरात. टॉर्च दातात धरून, कंबरेत वाकून, ओली काच बोटाने पुसून ती आकडा वाचते आणि वहीत उतरवते. दिवसाला नव्वद दारं. त्यामुळे कोणाकडे कोण एकटं आहे, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कोण सहा महिने घराबाहेर पडलेलं नाही, हे सगळं तिला तोंडपाठ असतं.

अकरा वर्षांपूर्वी तिची साखर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा ती त्यांच्या तोंडावर हसली.

"दिवसभर पायऱ्याच चढते हो मी. अजून किती चालू?"

"मग पळा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते गमतीत म्हटलं असावं, पण हिने मनावर घेतलं.

शहरात पळणाऱ्यांचं एक जुनं मंडळ होतं. भडक रंगांचे टी-शर्ट, मनगटावर भली मोठी घड्याळं, तोंडात सदैव मिनिटं आणि सेकंद. तिने तिथे नाव घातलं. पहिल्याच रविवारी ती सगळ्यांच्या मागे पडली, वाट चुकली, आणि विचारत विचारत दीड तास उशिरा पायथ्याच्या मैदानात पोचली. मैदान मोकळं होतं. चहाचं टेबल गेलेलं, फलक गुंडाळून नेलेला, आणि तिची पिशवी तेवढी कठड्यावर एकटी बसलेली. ती पिशवी बघून तिला रडू फुटलं. घरी मात्र ती एवढंच म्हणाली, "आपण आपलं वेगळं काढू."

नवरा शिंपी. त्याने शिलाई मशीन थांबवलंसुद्धा नाही. "काय काढू? दुकान?"

"पळायला जायचं मंडळ. अट एकच. शेवटचं माणूस खाली येईपर्यंत कोणी चहाला हात लावायचा नाही."

"तू असशील त्या मंडळात म्हणजे चहा गारच प्यावा लागणार," तो म्हणाला. पण त्याच संध्याकाळी त्याने उरलेल्या नारिंगी अस्तराच्या शंभर फिती कापल्या आणि तिच्या पिशवीत भरून ठेवल्या.

माणसं तिने मीटर वाचता वाचता जमवली. आकडा वहीत उतरला की तिथेच उभ्या उभ्या विचारायची, "रविवारी काय करता?" असा एक बस कंडक्टर सापडला, ज्याचं पोट दारातून त्याच्या आधी बाहेर येतं. एक रेडिओ दुरुस्त करणारा सापडला, जन्मापासून आंधळा. ते दोघं एका दोरीची दोन टोकं धरून पळतात आणि कंडक्टरचं तोंड अखंड चालू असतं. "पायरी, पायरी, मूळ, डावीकडे दगड, आता मी वळतोय, पोटापासून सांभाळ." सत्तरी ओलांडलेले एक मास्तर आहेत, गुडघ्यात स्टील घेऊन. शुगरवाल्या आहेत, बाळंतपणातून उठलेल्या आहेत, आणि ज्यांना काहीच झालेलं नाही पण घरात जीव रमत नाही, अशीही पुष्कळ आहेत.

आणि आहे बेकरीवाली. वय एकतीस, लहानपणापासून ऐकू येत नाही. मीटरबाई पहिल्यांदा बेकरीच्या मागच्या दाराशी गेली तेव्हा दहा मिनिटं दार बडवत उभी होती. शेवटी वैतागून तिने बाहेरचं दिव्याचं बटण खालीवर केलं. आतला दिवा मिचमिचला आणि कोपरापर्यंत पीठ लागलेली ही मुलगी बाहेर आली. तिच्यासाठी सगळ्या मंडळाने वीस-पंचवीस खुणा शिकून घेतल्या. थांब, पाणी, दमले, घसरडं आहे. दोन्ही मुठी एकमेकींना टेकवल्या की 'सगळे आले'. बदल्यात तिने सगळ्यांना खुणांची नावं दिली. कंडक्टर म्हणजे पोटावरून हवेत एक मोठा गोल. मीटरबाई म्हणजे दोन बोटांची चिमट. पळायला ती हरणासारखी, नेहमी पहिल्या पाचांत.

ही चिमट कुठून आली ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. मंडळात प्रत्येकाचा एक चिमटा असतो, कपडे वाळत घालायचा, लाकडी, ज्याने त्याने आपल्या हाताने रंगवलेला. निघताना तो छातीवर लावायचा. वाट चढून पाण्याच्या वरच्या टाकीपाशी गेली की तिथे शिंप्याने दोरी बांधलेली असते, तिच्यावर आपला चिमटा अडकवायचा आणि पलीकडच्या अंगाने खाली उतरायचं. मीटरबाई सगळ्यांच्या मागून येते. वाट दाखवायला पहाटे झाडांना बांधलेल्या फिती ती सोडत येते, वाटेत पडलेलं सगळं उचलत येते, मग कोणाचा रुमाल असो की बाटली. दर वळणावर हाक मारते, "कोणी राहिलं का?" टाकीपाशी चिमटे मोजते, आकडा जुळला तरच पुढे. म्हणून डोंगरावर तिचं नाव शेपूट. तिला स्वतःला मात्र चिमटा नाही. शेपटाला कशाला मोजायचं, असं तीच म्हणते.

गेल्या वर्षी या सगळ्यावर गदा आली. ती वाट वनखात्याच्या ताब्यात. वनाधिकाऱ्याने मीटरबाईला बोलावून घेतलं. "आंधळी, बहिरी, सत्तरीची माणसं घेऊन तुम्ही जंगलात शिरता. उद्या कोणी हरवलं तर जबाबदार कोण?" प्रश्न चुकीचा नव्हता. जुन्या मंडळाच्या अध्यक्षांनी मात्र आगीत तेल ओतलं. "पळणं वेगळं आणि लंगडी मिरवणूक वेगळी," असं ते चारचौघांत बोलले. मीटरबाईने तीन महिने त्या कचेरीचे उंबरे झिजवले. शेवटी अधिकारी म्हणाला, "एका रविवारी मी स्वतः येऊन बघतो. सगळे नीट खाली आले तर वर्षभराच्या परवानगीवर तिथेच सही करतो. एक जरी माणूस वर राहिलं, तर वाट बंद."

तो रविवार उजाडला तो धुकं घेऊनच. त्रेचाळीस माणसं होती. मैदानात टेबल मांडलेलं, माईक लावलेला, अध्यक्षही हाताची घडी घालून हजर. बेकरीवालीने पहाटेपासून राबून दोनशे पाव भाजून आणले होते आणि स्वतः पोटात काही न घालता सगळ्यांच्या आधी पळत सुटली होती. मैदानाच्या कडेला नेहमीसारखी चपलांची रांग. डोंगरासाठी बूट घालायचे, खाली आलं की बूट सोडून चपला. मीटरबाई मागून निघाली. फिती सोडत, हाका मारत, आणि त्या दिवशी जरा घाईत. पत्रावर सही होणार होती. तिलाही वाटलं, एकदा या अध्यक्षांना दाखवूच.

अर्ध्या वाटेवर पंपाची खोली लागते. तिच्या अलीकडे लोखंडी खांब, खांबाला फीत. त्या खांबाच्या दहा पावलं खाली तिला एक चिमटा पडलेला दिसला. पांढरा, वर चिमुकला पाव काढलेला. बेकरीवालीचा. "पळताना उडाला असणार," तिने मनाशी म्हटलं. बेकरीवाली म्हणजे पहिल्या पाचांतली, ती एव्हाना टाकी ओलांडून गेलेली असणार. चिमटा पिशवीत टाकला, खांबाची फीत सोडली, खोलीच्या दिशेने सवयीने हाक दिली. "कोणी राहिलं का?" उत्तर आलं नाही. ती पुढे चालू लागली.

टाकीपाशी शिंप्याने दोरीवरचे चिमटे मोजले. "बेचाळीस. एक कमी आहे गं."

"हा घ्या. वाटेत पडला होता."

त्याने चिमटा हातात घेऊन उलटसुलट केला. "पण ती इथून गेलेली मला दिसली नाही."

"तुम्हाला कधी कोण दिसलंय? आधी तो चष्मा पुसा."

त्याने चष्मा खरंच पुसला. धुक्याने तो सारखा ओला होत होता, आणि पहिली पाच-सहा माणसं घोळक्याने धडाधडा गेली होती, त्यामुळे त्यालाही छातीठोकपणे सांगता येईना. मीटरबाईने क्षणभर दोरीकडे पाहिलं. मनात काहीतरी टोचलं होतं, हे तिने पुढे स्वतःच सगळ्यांना सांगितलं. पण खाली माईक वाट बघत होता. तिने चिमटा दोरीवर लावला, "त्रेचाळीस," असं मोठ्याने म्हणाली, आणि दोरी चिमट्यांसकट सोडून घेऊन दोघं उतरू लागली.

खाली सगळा आनंदीआनंद. रेडिओवाला कंडक्टरच्या गळ्यात पडलेला, मास्तर आपला स्टीलचा गुडघा वनाधिकाऱ्याला वाजवून दाखवत होते. अधिकाऱ्याने दोरी हातात घेऊन चिमटे मोजले, त्रेचाळीस भरले, आणि खिशातून पेन काढलं. "आधी दोन शब्द बोला," तो म्हणाला. कोणीतरी मीटरबाईच्या हातात माईक दिला.

"आमच्यात एकच नियम आहे," ती बोलू लागली. "आमच्यात मागे कोणी..."

आणि तिची नजर कडेला गेली. रांग संपली होती. सगळ्यांनी चपला पायात घातल्या होत्या. एक जोड तेवढा राहिला होता, रबरी, अंगठ्याशी पीठ लागलेला.

अकरा वर्षांपूर्वीची कठड्यावरची पिशवी तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. अधिकाऱ्याचं पेन कागदावर टेकलं होतं. गप्प राहून, माईक खाली ठेवून, कंडक्टरच्या कानात सांगून चार माणसं हळूच वर धाडता आली असती. तसं केलं असतं तरी तिला कोणी दोष दिला नसता. मीटरबाई माईकमध्येच म्हणाली, "साहेब, सही करू नका. एक माणूस वर राहिलंय. माझ्यामुळे राहिलंय."

माईक तिने अध्यक्षांच्या हातात कोंबला आणि ती पळाली.

त्या दिवशी मंडळाने तिला पहिल्यांदा पुढे पळताना पाहिलं. ती वाटेने गेलीच नाही. पाण्याची मोठी पाइपलाइन पंपाच्या खोलीवरून सरळ डोंगर चढते, तिच्या कडेने खात्याच्या अरुंद पायऱ्या आहेत, त्या तिने धरल्या. मागे कंडक्टर धापा टाकत होता, त्याच्या मागे रेडिओवाला पाइपावर हात ठेवून चढत होता, आणि सगळ्यात मागे वनाधिकारी. धुकं इतकं की चार पायऱ्यांपलीकडचं दिसेना. कंडक्टर जीव खाऊन बेकरीवालीच्या नावाने ओरडू लागला.

"अरे, ओरडतोस कोणाला?" रेडिओवाला म्हणाला. "तिला ऐकू येतं का?"

पुढे मीटरबाईचे पाय एका पायरीवर थबकले. दर वळणावर आपण काय करत आलो ते तिला तेव्हा लख्ख समजलं. आंधळ्यासाठी दोरी केली, म्हाताऱ्यांसाठी वेळ केला, खुणा शिकलो, आणि मागे कोणी राहिलं का हे मात्र अकरा वर्षं हाक मारून विचारत राहिलो. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. गुडघ्यातून कळ मस्तकात जात होती, तिने तिकडे लक्षच दिलं नाही.

बेकरीवाली लोखंडी खांबापाशी उभी होती. एक हात खांबावर, ओठ निळे पडलेले, केसांवर धुक्याचे थेंब. रिकाम्या पोटी पळाल्यामुळे तिला घेरी आली होती. वारा लागू नये म्हणून ती पंपाच्या खोलीमागे जाऊन भिंतीला टेकून बसली होती, आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता. बाहेर आली तर खांबावर फीत नव्हती. मग ती तिथेच उभी राहिली. सव्वा तास.

मीटरबाईने अंगातलं जॅकेट काढून तिच्याभोवती गुंडाळलं आणि खुणेने विचारलं, खाली का नाही आलीस? वाट तर माहीत होती तुला.

बेकरीवालीची बोटं गारठली होती, खुणा नीट होईनात. तिने फोन काढून कशीबशी अक्षरं दाबली आणि पडदा मीटरबाईपुढे धरला. "फीत नव्हती म्हणजे तुम्ही पुढे गेलात. माझा चिमटा पण पडलेला. म्हटलं बरंच झालं. एक कमी भरेल, तुम्ही लगेच परत याल."

मीटरबाईने ते वाचलं. पुन्हा वाचलं. आता सांगितलं नसतं तरी चाललं असतं. चिमट्याचं फक्त तिला आणि शिंप्याला ठाऊक होतं, आणि शिंपी जन्मात बोलला नसता. ती खाली वाकली आणि खांबाखालची जागा बोटाने दाखवली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग दोन बोटांची चिमट करून हवेतल्या दोरीवर लावली. सापडला होता. मीच लावला. मीच.

बेकरीवालीने मूठ वळली आणि मीटरबाईच्या खांद्यावर एक ठोसा हाणला. जोरात, पीठ मळणाऱ्या हाताचा. मग आणखी एक. मीटरबाई हलली नाही. तिसऱ्या ठोशाला बेकरीवालीलाच रडू फुटलं आणि दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. कंडक्टर हे सगळं रेडिओवाल्याला जसंच्या तसं सांगत होता. वनाधिकारी टोपी काढून बाजूला उभा होता.

उतरायची वेळ झाली तशी मीटरबाई सवयीने सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. बेकरीवालीने मान हलवली. तिने मीटरबाईच्या खांद्यावरची फितींची पिशवी काढून आपल्या खांद्याला अडकवली आणि बोटाने पुढे दाखवलं. तू पुढे. मीटरबाई नको नको म्हणू लागली तेव्हा तिने पुन्हा फोनवर लिहिलं. "मला हाक मारता येत नाही. मी प्रत्येक ठिकाणी जाऊन बघेन."

परवानगीचं पत्र त्या दिवशी मिळालं नाही. वनाधिकारी कागद घडी करून खिशात घालून गेला. चौदा दिवसांनी ते आलं, खाली त्याच्या हस्ताक्षरात एक ओळ होती. मागच्या माणसाने दर आडोशामागे जाऊन डोळ्यांनी पाहावे. मंडळाने त्यात आपली एक भर घातली. वाटेत सापडलेला चिमटा दोरीवर लावायचा नाही, ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. अध्यक्षांचं म्हणाल तर ते आता महिन्यातून एकदा येतात, मधल्या घोळक्यात पळतात, घड्याळ घरी ठेवून. मिरवणुकीचं नाव काढलं की चहाकडे वळतात.

पत्र आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी बेकरीवाली शेपूट झाली. निघायच्या आधी तिने मीटरबाईच्या हातावर एक चिमटा ठेवला. नवा, निळा, वर मीटरची गोल काच काढलेली आणि आत बारीक काटा. मीटरबाई म्हणाली, "मला कशाला? मी काय हरवणार आहे?" बेकरीवालीला ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. तिने तो चिमटा मीटरबाईच्या छातीवर लावून टाकला.

गुडघा सुजलेला, त्यामुळे मीटरबाई त्या दिवशी फार मागे पडली. वळणावळणावर ती मागे वळून बघायची आणि धुक्यातून बेकरीवालीचा हात हलायचा, चल, चल. एका वळणावर हात दिसला नाही, तशी ती मागे वळून चार पावलं उतरली. तेवढ्यात पंपाच्या खोलीमागून बेकरीवाली बाहेर आली, हातावरची धूळ झटकत.

टाकीपाशी पोचली तेव्हा गुडघ्यामुळे मीटरबाईला फारच वेळ झाला होता. दोरीवर बेचाळीस चिमटे होते. कोणीच उतरलं नव्हतं. बेचाळीस माणसं गारठ्यात हात चोळत दोरीभोवती उभी होती, आणि शिंपी चष्मा पुसत वाटेकडे डोळे लावून बसला होता.

"एक कमी आहे गं," तो म्हणाला.

मीटरबाईने छातीवरचा चिमटा काढला. तो दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तो दोरीवर बसला, आणि मागून आलेल्या बेकरीवालीने दोन्ही मुठी एकमेकींना टेकवल्या.